यजमान कुटुंबात राहायला जाताना

आपला प्रवेश निश्चित झाला आहे, व्हिसाचे काम मार्गी लागले आहे आणि परदेशात आपली राहण्याची सोय एका यजमान कुटुंबात होणार आहे, असे गृहीत धरून हा लेख लिहिला आहे. भिवपुरी, नेरळ, कर्जत, खालापूर या भागातील विद्यार्थी आणि त्यांचे पालक डोळ्यांसमोर ठेवले आहेत. कामे ज्या क्रमाने करायची, त्याच क्रमाने ती येथे दिली आहेत.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगायला हवी. दुसऱ्याच्या घरी कसे वागावे याचे वळण आपल्या घरांत लहानपणापासून लावले जाते. वडीलधाऱ्यांचा मान ठेवणे, ताटात टाकून न देणे, पाहुण्यांशी हसून बोलणे हे सगळे परदेशातही तितकेच उपयोगी पडते. पण त्याच वळणाचा दुसरा भाग म्हणजे संकोच. काही मागू नये, त्रास देऊ नये, विचारले तरी आधी ‘नको’ म्हणावे, ही सवय परकीय यजमानांच्या घरी अडचणीची ठरते. विद्यार्थी नाराज आहे किंवा त्याला आपल्यात मिसळायचे नाही, असा तिचा अर्थ घेतला जातो. पुढच्या बहुतेक मुद्द्यांच्या मुळाशी हीच एक बाब आहे.

१. आपली व्यवस्था नेमकी कोणत्या प्रकारची आहे, हे समजून घ्या.

पहिला प्रकार विद्यार्थी-विनिमय कार्यक्रमाचा. रोटरीचा युवा विनिमय कार्यक्रम (रायगड जिल्हा पुण्याबरोबर रोटरीच्या ३१३१ क्रमांकाच्या डिस्ट्रिक्टमध्ये येतो) आणि एएफएस ही यातील परिचित नावे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांतून एएफएस उभी राहिली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिने शाळकरी मुलांचा विनिमय सुरू केला. या प्रकारात यजमान सहसा पैसे घेत नाहीत. ते आपल्याला घरातले मूल म्हणून ठेवून घेतात आणि तशाच वागणुकीची अपेक्षा करतात. रोटरीचा वर्षभराचा कार्यक्रम १५ ते १९ वयोगटासाठी असून त्यात सहसा एकापेक्षा अधिक कुटुंबांत राहावे लागते.

दुसरा प्रकार सशुल्क होमस्टेचा. आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड येथील भाषाशाळा आणि महाविद्यालये अशी सोय करून देतात. यात किती वेळचे जेवण मिळणार, कपडे कोण धुणार, घर सोडायचे झाल्यास किती दिवस आधी कळवायचे, हे लेखी ठरलेले असते. तो कागद वाचल्याशिवाय विमानात बसू नका.

तिसरा प्रकार ‘ओ पेअर’. यजमानांच्या मुलांना सांभाळायचे, घरात थोडी मदत करायची आणि त्या बदल्यात राहणे, जेवण व हातखर्च मिळवायचा. जर्मनीत यासाठी १८ ते २६ वर्षे वय आणि प्राथमिक म्हणजे ए-वन पातळीचे जर्मन लागते. काम आठवड्याला ३० तासांहून अधिक घेता येत नाही आणि हातखर्च महिन्याला २८० युरो ठरलेला आहे. हे आकडे पाठ असू द्या. आपण घरातले माणूस आहात आणि त्याच वेळी कामाचे तासही मोजायचे आहेत, म्हणून या प्रकारात बोलणे सर्वांत जास्त स्पष्ट ठेवावे लागते.

२. निघण्यापूर्वी यजमानांशी ओळख करून घ्या.

या बाबतीत आपल्याच रेल्वेमार्गावरचे एक उदाहरण आहे. कल्याणला १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि न्यू जर्सीतील रोझेल गावी थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी उतरल्या. या दोघींची पत्रे १८८० पासून चालू होती. आनंदीबाईंचे शाकाहारी राहणे, साडी नेसणे, धर्माविषयीची मते, प्रकृतीच्या तक्रारी यांतले बरेच काही कार्पेंटरबाईंना आधीच माहीत होते. त्यामुळे न्यूयॉर्कच्या धक्क्यावर भेट झाली तेव्हा त्या एकमेकींना परक्या नव्हत्या. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. पुढे पुण्यात आनंदीबाईंचे निधन झाल्यावर त्यांच्या अस्थींना याच कुटुंबाने पोकीप्सी येथील आपल्या दफनभूमीत जागा दिली. बोटीने पत्र पोहोचायला आठवडे लागत, त्या काळात हे घडले. आपल्याजवळ ईमेल आणि व्हिडिओ कॉल आहे.

कुटुंबाचे नाव कळताच आठवड्याच्या आत पहिला ईमेल लिहा आणि त्यात पुढील गोष्टी मोकळेपणाने सांगा. आपण काय खाता आणि काय खात नाही? केवळ ‘शाकाहारी’ लिहून भागत नाही, कारण काही देशांत मासे खाणारेही स्वतःला शाकाहारी म्हणवतात. अंडे चालते का, मासे चालतात का, गोमांस आणि डुकराचे मांस चालत नाही का, जिलेटिन घातलेली मिठाई आणि मांसाच्या पाण्यावर केलेले सूप चालते का, असे एकेक वाक्य लिहा. सोमवार, संकष्टी किंवा श्रावण पाळत असाल तर तेही लिहा. ऐन जेवणाच्या टेबलावर ‘आज माझा उपवास आहे’ असे सांगितले तर रांधणाऱ्याला वाईट वाटते. कुत्र्या-मांजराची भीती किंवा अ‍ॅलर्जी असेल तर ती लपवू नका. तिकडच्या अनेक घरांत कुत्रा सोफ्यावर बसतो आणि पलंगावरही झोपतो. दमा, फिट येणे, पाळीच्या काळातील तीव्र त्रास, चालू असलेली औषधे यांची माहितीही आताच द्यावी. आजार कळला तर जागा जाईल, अशी भीती पालकांना वाटते. पण तो लपवल्याचे नंतर उघड झाले तर अडचण कितीतरी मोठी होते.

३. आपल्या गावाविषयी बोलण्याची तयारी करा.

‘कुठून आलात?’ या प्रश्नाला आपले विद्यार्थी ‘मुंबईजवळून’ एवढेच उत्तर देतात आणि विषय तिथेच संपतो. आपल्या भागात सांगण्यासारखे इतके आहे की तो असा संपू देऊ नये. सह्याद्रीच्या माथ्यावर साठवलेले पाणी पायथ्याशी सोडून टाटांनी खोपोलीला १९१५ मध्ये आणि भिवपुरीला १९२२ मध्ये वीज तयार करायला सुरुवात केली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना आणि गाड्यांना पुरवली. नेरळहून माथेरानला जाणारी छोटी रेल्वे १९०७ पासूनची. कर्जतजवळच्या कोंढाण्याची बौद्ध लेणी दोन हजार वर्षांपूर्वीची. पेणच्या गणेशमूर्ती समुद्रापार जातात. पाच-सहा छायाचित्रे फोनमध्ये वेगळी काढून ठेवा: आपले घर, आवणीच्या वेळचे भाताचे शेत, पावसाळ्यातील आषाण्याचा धबधबा, गर्दीची कर्जत लोकल, घरातील माणसे. शाळेत किंवा रोटरी क्लबात आपल्याला भाषण करायला सांगतीलच; तेव्हाही हीच सामग्री कामाला येते.

४. घरीच एक महिना सराव करा.

सोळा-सतरा वर्षांच्या आपल्या अनेक मुलांनी स्वतंत्र खोलीत एकट्याने कधी झोपून पाहिलेले नसते. तो सराव आधी करा. त्याबरोबर स्वतःचे कपडे मशीनमध्ये लावणे, वाळवणे, इस्त्री करणे, बाथरूम आणि संडास घासणे, अंथरूण उठल्याबरोबर नीट करणे, भांडी विसळणे, आणि तीन पदार्थ कोणाच्या मदतीशिवाय करणे. पदार्थ निवडताना तिकडे सामान मिळेल असे निवडा. वरण-भात, बटाट्याची भाजी आणि शिरा पुरेसे आहेत. तांदळाची भाकरी थापता येत असेल तर उत्तमच, कारण तांदळाचे पीठ बहुतेक शहरांतील आशियाई दुकानांत मिळते. मुलगा असो की मुलगी, सराव सारखाच. यजमानांच्या घरी मुलगा म्हणून कोणतीही सवलत मिळत नाही, आणि मिळू नये.

५. सामान बेताचे, पण विचारपूर्वक भरा.

पासपोर्ट, व्हिसा, विमापत्र, यजमानांचा पत्ता आणि संस्थेच्या स्थानिक समन्वयकाचा क्रमांक यांची एक छापील प्रत हातातल्या बॅगेत ठेवा. पोहोचल्यावर फोनची बॅटरी संपलेली असू शकते. औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या. आपल्याकडे सहज मिळणारे औषध तिकडे प्रतिबंधित असू शकते. जपानमध्ये सर्दीच्या काही गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिन ठराविक प्रमाणाहून जास्त असेल तर ते नेता येत नाही.

भेटवस्तू महाग नको. वारली चित्राची चौकट, हातमागाचा टेबलावरचा रुमाल, लहान समई अशा वस्तू चांगल्या. खाद्यपदार्थांबाबत मात्र आजीचा आग्रह मोडावा लागेल. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ वैयक्तिक सामानातून युरोपीय संघात नेण्यास मनाई आहे, म्हणजे पेढे आणि खव्याची मिठाई घरीच ठेवायची. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये प्रत्येक खाद्यपदार्थ आगमनपत्रकात जाहीर करावा लागतो. न्यूझीलंडमध्ये तो न सांगितल्यास जागेवरच ४०० डॉलर दंड होतो. बंद पाकिटातला मसाला आणि चहा बहुधा चालतो, पण तोही जाहीर करावाच.

६. पहिल्या रात्रीच प्रश्न विचारून घ्या.

रोटरीच्या कार्यक्रमात ‘पहिल्या रात्रीचे प्रश्न’ नावाची एक यादीच विद्यार्थ्यांना दिली जाते. आपण कोणत्याही मार्गाने गेलात तरी तशी यादी स्वतः करा आणि कागदावर लिहून न्या. प्रवासाने थकला असाल तर दुसऱ्या दिवशी सकाळी विचारा, त्याहून उशीर करू नका. पहिल्या दोन दिवसांत कोणताही प्रश्न भाबडा वाटत नाही. तोच प्रश्न महिन्याने विचारला तर ‘इतके दिवस हे कसे चालले होते?’ असे यजमानांना वाटते.

विचारायचे ते असे. मी आपल्याला कोणत्या नावाने हाक मारू? (आपण होऊन अंकल-आंटी म्हणू नका. अनेकांना पहिले नाव आवडते, काहींना आई-बाबांचा शब्द.) सकाळी बाथरूम कोणाला किती वाजता लागते, मी केव्हा आंघोळ करू? नाश्ता मी स्वतः घ्यायचा की सगळे एकत्र बसतात? फ्रिजमधले काय विचारल्याशिवाय घेता येईल? कपडे कोणत्या दिवशी धुतात, मशीन मी चालवू का? खोलीचे दार बंद ठेवलेले चालते का? रात्री किती वाजता घरी यायचे? वाय-फाय रात्री बंद होतो का? मित्र-मैत्रिणींना घरी आणता येईल का? घराची किल्ली मला मिळेल का, आणि हरवली तर काय करायचे? रोज माझ्याकडे कोणते काम राहील? घरात कोणत्या गोष्टीचा आपल्याला सर्वांत जास्त त्रास होतो?

हा शेवटचा प्रश्न अवश्य विचारा. कर्जत-नेरळ भागात ज्यांच्याकडे फार्महाऊस किंवा पर्यटकांसाठी खोल्या आहेत, त्यांना याचे कारण वेगळे सांगायला नको. पाहुण्यांच्या मोठ्या चुका आपण पोटात घालतो, पण दिवे चालू ठेवणे, ओले पाय घेऊन घरभर फिरणे अशा लहान गोष्टी मनात साचत जातात. यजमानांचे उत्तर लिहून ठेवा आणि पाळा.

७. स्नानगृह आणि स्वयंपाकघर पहिल्याच दिवशी शिकून घ्या.

तंटे बहुतेक याच दोन जागांत सुरू होतात, म्हणून येथे थोडे सविस्तर सांगतो. तिकडच्या अनेक बाथरूमच्या जमिनीला पाणी वाहून जायची मोरी नसते. बादली-तांब्याने आंघोळ केली तर पाणी लाकडी जमिनीत मुरते आणि खालच्या मजल्याच्या छताला ओल येते. शॉवरचा पडदा टबच्या आत सोडायचा, आंघोळीनंतर जमीन कोरडी करायची, जाळीत अडकलेले केस काढून टाकायचे. गरम पाण्याची टाकी लहान असेल तर आपल्या पंधरा मिनिटांच्या आंघोळीनंतर दुसऱ्याला थंड पाणी येते. शौचानंतर पाणी वापरायची सवय असेल तर लहान टमरेल किंवा बाटली जवळ ठेवा, त्याचा संकोच नको. फक्त पाणी सांडू देऊ नका. सॅनिटरी पॅड कधीही कमोडमध्ये टाकू नयेत, ते कुठे टाकायचे हे घरातल्या बाईंना विचारावे. खोबरेल तेल लावून झोपत असाल तर उशीवर स्वतःचा जुना टॉवेल घाला, अभ्र्याला पडलेले तेलाचे डाग निघत नाहीत. जपानमध्ये आणखी वेगळे: टबच्या बाहेर अंग घासून धुवायचे आणि मग टबच्या गरम पाण्यात बसायचे, ते पाणी सोडून द्यायचे नाही, कारण घरातली इतर माणसे त्याच पाण्यात पाठोपाठ बसतात.

स्वयंपाकघरात पहिली काळजी फोडणीची. मोहरी-मिरचीच्या धुराने छताला लावलेल्या धूरसूचक यंत्राचा भोंगा वाजतो. इमारत मोठी असेल तर सगळ्यांना खाली उतरावे लागते. खिडकी आणि चिमणीचा पंखा आधी लावा, तेल कमी तापवा, आणि पहिल्यांदा फोडणी कराल तेव्हा घरातील कोणाला तरी सोबत उभे करा. उदबत्ती किंवा निरांजन खोलीत लावण्यापूर्वीही विचारा. हळदीचे डाग पांढऱ्या ओट्यावर आणि प्लॅस्टिकच्या डब्यांवर राहतात, ते लगेच पुसायचे. हिंगाची आणि लसणाची फोडणी आपल्याला खमंग लागते, पण पडद्यांत आणि गालिच्यात बसलेला तो वास त्यांना दोन दिवस जाणवतो. म्हणून स्वयंपाक शनिवारी दुपारी, सगळ्यांना सांगून आणि सगळ्यांसाठी करावा. यजमान तयार असतील तर महिन्यातून एकदा असा बेत ठेवा.

थंडीचेही येथेच सांगून टाकतो. घराच्या तापमानाचे बटण स्वतः फिरवू नका. त्याचा खर्च मोठा असतो. पण कुडकुडत बसू नका. जादा रजई मागा, आत घालायचे गरम कपडे कुठे मिळतील ते विचारा. आनंदीबाईंनी थंडीमुळे साडी नेसण्याची पद्धत बदलून ती गुजराती वळणाने नेसायला सुरुवात केली. त्यांची पोशाखाची निष्ठा पक्की होती, तरीही हवेपुढे त्यांनी बदल केला. तरी फिलाडेल्फियातील थंडी आणि अपुऱ्या आहाराने त्यांची प्रकृती खालावत गेली. भिवपुरीच्या उकाड्यात वाढलेल्या शरीराला पहिला हिवाळा जड जातो आणि त्यावरचा उपाय मागितल्याशिवाय मिळत नाही.

८. ‘नको’ आणि ‘चालेल’ हे दोन शब्द जपून वापरा.

आपल्याकडे पहिल्या ‘नको’ला कोणी ‘नको’ समजत नाही. दोनदा आग्रह होतो, तिसऱ्यांदा आपण ताट पुढे करतो. अमेरिकेत, जर्मनीत किंवा ऑस्ट्रेलियात असा आग्रह होत नाही. आपण एकदा नकार दिला की भांडे पुढे सरकते आणि आपण उपाशी उठता. यजमान निष्ठुर नसतात, ते आपल्या शब्दाचा मान ठेवत असतात. भूक असेल तर पहिल्यांदाच ‘हो, थोडे द्या’ म्हणा. पोट भरले नसेल तर आणखी मागा. आवडले नसेल तर एक घास खाऊन ‘हे माझ्यासाठी नवीन आहे, आज एवढेच घेतो’ असे सांगा.

‘चालेल’चेही तसेच. ‘रविवारी बाहेर जायचे की घरी थांबायचे?’ असे विचारले की आपण नम्रपणे ‘काहीही चालेल’ म्हणतो. यजमानांना खरोखर आपली पसंती हवी असते. तीच तीच अलिप्तता महिनाभर ऐकली की ते विचारायचे सोडून देतात. म्हणून रोज एक तरी ठाम पसंती बोलून दाखवा, अगदी ‘मला चहा हवा’ इतकी साधी असली तरी.

आभार मात्र उदंड मानावेत. आपण आईला जेवणाबद्दल ‘थँक यू’ म्हणत नाही, तिथे प्रत्येक जेवणानंतर म्हणायचे असते, आणि मीठ मागतानाही ‘प्लीज’ लागते. त्याचप्रमाणे जेवण झाल्याबरोबर खोलीत जाऊन दार लावू नका. आपण अभ्यास करत असता, पण त्यांना वाटते की काहीतरी बिनसले आहे. रोज रात्री किमान अर्धा तास दिवाणखान्यात बसा, भाषा कळत नसली तरी बसा. भाषा सर्वांत जलद तिथेच येते. पगार, वय, वजन, लग्न का केले नाही असे प्रश्न विचारू नका.

९. घरकामात आपला वाटा ठरवून घ्या आणि तो न सांगता करा.

कचऱ्याचे डबे रस्त्यावर नेऊन ठेवणे, डिशवॉशर रिकामा करणे, कुत्र्याला फिरवून आणणे यापैकी एक काम कायमचे आपले करून घ्या. जर्मनीत कागद, प्लॅस्टिक, काच आणि ओला कचरा वेगवेगळा टाकावा लागतो, रविवारी आवाज होणारी कामे करत नाहीत आणि खोलीची खिडकी रोज काही मिनिटे पूर्ण उघडून हवा खेळवणे हा घराच्या देखभालीचाच भाग असतो.

१०. येण्या-जाण्याचे आदल्या दिवशी बोला.

भिवपुरी रोड स्टेशनवर एक लोकल चुकली तर पुढची येते. अमेरिकेतील लहान गावात बस नसते, रिक्षा नसते. शाळेच्या कार्यक्रमाला, दुकानात, मित्राकडे जायचे तर यजमानांनाच गाडी काढावी लागते. म्हणून आठवड्याचे बेत रविवारी सांगून ठेवा, ऐनवेळी ‘मला सोडा’ म्हणू नका, आणि दुसऱ्या कोणाबरोबर जाणार असाल तर त्याचे नाव व फोन देऊन जा. विनिमय कार्यक्रमात स्वतः वाहन चालवायला मनाई असते. रोटरीच्या नियमांत वाहन चालवणे, दारू, अमली पदार्थ आणि प्रेमप्रकरण या चार गोष्टींपासून दूर राहायला सांगितलेले आहे. नियम मोडल्यास परत पाठवले जाते.

११. घरच्यांशी बोलण्याची वेळ बांधून घ्या.

हा मुद्दा पालकांसाठी आहे. न्यूयॉर्कच्या बाजूला राहणाऱ्या मुलाशी उन्हाळ्यात रविवारी संध्याकाळी सात वाजता बोललात तर तिकडे सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात आणि सगळ्यांना ते सोयीचे पडते. हिवाळ्यात तिकडची घड्याळे एक तास मागे जातात. जपान आपल्या साडेतीन तास पुढे, तर जर्मनी उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे. आठवड्यातून एक मोठा कॉल आणि मध्ये एखादा निरोप पुरे. रोज रात्री तासभर व्हिडिओ कॉल करणारे मूल शरीराने तिकडे आणि मनाने कर्जतला राहते, त्याला तिथली भाषाही येत नाही आणि तिथली माणसेही जवळची होत नाहीत. यजमानांच्या तक्रारी त्यांच्या घरात बसून मराठीत मोठ्याने सांगू नका. शब्द कळले नाहीत तरी सूर कळतो. पालकांनी यजमानांना परस्पर फोन करून सूचना देऊ नयेत, काही सांगायचेच असेल तर समन्वयकामार्फत सांगावे.

१२. उदास दिवसांची आधीच नोंद करून ठेवा.

नव्या समाजात गेल्यावर येणाऱ्या गोंधळलेपणाला सांस्कृतिक धक्का म्हणतात. मानववंशशास्त्रज्ञ कलेर्वो ओबर्ग यांनी १९६० मध्ये त्याच्या पायऱ्या मांडल्या: आधी सगळे सुंदर वाटते, मग सगळे खटकू लागते, मग हळूहळू बस्तान बसते. रायगडच्या मुलांसाठी यात आपली एक भर आहे. ऑगस्टमध्ये गेलात तर काही आठवड्यांतच गौरी-गणपती येतात. घरी आरत्या चालू असतात आणि आपण एका शांत घरात एकटे असता. हा दिवस यजमानांना आधी सांगा. लहानशी मूर्ती किंवा चित्र मांडून दहा मिनिटे आरती करू का, असे विचारा. बहुतेक कुटुंबे आनंदाने बसतात आणि उकडीचे मोदक करायला मदतही करतात. दिवाळीनंतर युरोपच्या उत्तरेत दुपारी चारच्या सुमारास अंधार पडू लागतो, तेव्हा शाळा सुटल्यावर एखादा खेळ किंवा वाद्यवृंद असा बांधलेला कार्यक्रम असू द्या.

जवळपास मराठी मंडळ असेल तर जरूर जा. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे आणि उत्तर अमेरिकेतील मंडळांना जोडणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. मात्र पहिल्या दोन महिन्यांत प्रत्येक शनिवार-रविवार तिकडे काढू नका. यजमानांबरोबर मोकळा वेळ मिळतो तो याच दोन दिवशी.

१३. मतभेद झाले तर पायरीने जा.

आधी चोवीस तास थांबा, मग थेट यजमानांशी बोला. तक्रार म्हणून सुरुवात करू नका, परिस्थिती सांगा: ‘मला रात्री दहानंतर टीव्हीच्या आवाजात झोप लागत नाही, काय करता येईल?’ त्याने सुटले नाही तर स्थानिक समन्वयकाशी बोला. अमेरिकेतील जे-वन व्हिसाच्या शालेय कार्यक्रमात समन्वयकाने महिन्यातून किमान एकदा विद्यार्थ्याशी संपर्क ठेवणे आणि घरातील सर्व प्रौढांची पार्श्वभूमी तपासणे बंधनकारक आहे. तो फोन आला की ‘सगळे ठीक आहे’ एवढे म्हणून ठेवून देऊ नका. कुटुंब बदलणे ही या व्यवस्थेतील नेहमीची तरतूद आहे आणि त्यात कोणाची नाचक्की नाही.

काही बाबतींत मात्र चोवीस तास काय, चोवीस मिनिटेही थांबायचे नाही. नकोसा स्पर्श, बाथरूममध्ये किंवा खोलीत न विचारता येणे, पासपोर्ट काढून घेणे, जेवण न देणे, मारहाण, धमकी, ‘हे कोणाला सांगू नकोस’ अशी ताकीद यांपैकी काहीही घडले तर घराबाहेर सुरक्षित ठिकाणी जा आणि समन्वयक, शाळेतील समुपदेशक किंवा पोलीस यांना सांगा. आणीबाणीचा क्रमांक अमेरिका व कॅनडात ९११, युरोपीय संघात ११२, ऑस्ट्रेलियात ०००, जपानमध्ये पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी ११९. भारतीय दूतावासाकडे तक्रार करायला परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ हे पोर्टल आहे. पालकांनी मुलाला निघण्याआधी एक वाक्य स्वच्छ शब्दांत सांगावे: ‘पैसे किती खर्च झाले, लोक काय म्हणतील, याचा विचार न करता तू आम्हाला सांगायचे आणि आम्ही तुझ्यावर विश्वास ठेवू.’ हे वाक्य आधी ऐकलेले नसेल तर मूल घाबरून गप्प राहते.

१४. निघताना आणि परतल्यावर.

खोली मिळाली होती तशी करून द्या, किल्ली हातात द्या, राहिलेली देणी चुकती करा. घरी पोहोचल्यावर आठवड्याच्या आत हाताने लिहिलेले पत्र आणि एकत्र काढलेली छायाचित्रे पाठवा. आईवडिलांनीही त्यात चार ओळी मराठीत लिहाव्यात आणि आपण त्या खाली भाषांतरित कराव्यात.

यजमान आपल्याकडे येणार असतील तर डिसेंबर-जानेवारी सुचवा. त्या वेळी हवा कोरडी असते, माथेरान आणि कोंढाणे पायी पाहता येते आणि वालाच्या ओल्या शेंगांची पोपटीही लावता येते. मच्छरदाणी, उकळलेले पाणी आणि खुर्ची-टेबलाची सोय त्यांच्या येण्यापूर्वी करून ठेवा. मुंबईच्या विमानतळावरून त्यांना गर्दीच्या वेळच्या लोकलने आणू नका, गाडी ठरवा.